धूर मोजायचा कुणी?

आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

विषय इंजिनाचा आहे. तुमच्या ट्रॅक्टरचं, कांदा घेऊन चाकणला जाणाऱ्या पिकअपचं, लग्नाच्या मांडवामागं धडधडणाऱ्या जनरेटरचं, शेततळ्यावर ठेवलेल्या डिझेल पंपाचं. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या पट्ट्यात ज्या घरात एकही इंजिन नाही असं घर शोधावं लागेल. तरी इंजिनाबद्दल आपण दोनच वेळा बोलतो. एक, डिझेलचा भाव वाढला की. दोन, इंजिन बंद पडलं की. मधल्या काळात ते किती खातंय, किती ओढतंय आणि सायलेन्सरमधून काय सोडतंय, हे कुणी विचारत नाही.

मध्यंतरी धुराच्या विषयावर बातमी करायला गॅरेजं, पेट्रोल पंप आणि शेतं फिरलो. बातमी वीस ओळींची झाली. जागा तेवढीच होती. उरलेलं इथं लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इंजिन सुधारायचं तर ते आधी मोजावं लागतं. मोजायचं साधन आपल्या गावातल्या मिस्त्रीच्या हातात येत नाही, तोवर दिल्लीत कितीही कडक नियम झाले तरी आपल्या रस्त्यावरचा धूर हटणार नाही. आणि हा विचार आपल्याच पाबळमध्ये वीस वर्षांपूर्वी होऊन गेलाय.

नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी. झालेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली चांगली नोकरी सोडून १९८३ साली ते पाबळला आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. गाव निवडलं तेही दुष्काळी, कोरडवाहू, पुण्यापासून सत्तर-एक किलोमीटरवरचं. शाळा सुटलेल्या पोरांना घेऊन वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती, पाण्याचा शोध असं सगळं हातानं करत करत विज्ञान शिकवायचं, ही त्यांची पद्धत. याच आश्रमात 'मेकबुल' नावाचा छोटा, स्वस्त ट्रॅक्टर तयार झाला. पाबळचा डोम तर लातूरच्या भूकंपानंतर तिकडेही पोचला.

मग २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्याशी जोडून पाबळला फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीच्या बाहेर जगात ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब झाल्या, त्यातली ही एक. आज जगभर अशा लॅब हजारांच्या घरात आहेत. कॉम्प्युटरवर आराखडा काढायचा आणि छोट्या मशीनवर ती वस्तू तिथंच बनवायची, अशी ही कार्यशाळा. गर्शेनफेल्ड यांच्या २००५ सालच्या 'फॅब' या पुस्तकात पाबळ आणि कलबाग सर दोघंही आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढी आधुनिक लॅब पाबळला आल्यावर पहिल्यांदा कशाला हात घातला? खेळण्यांना नाही, रोबोटला नाही. दुधाची तपासणी आणि डिझेल इंजिनाचं ट्यूनिंग, यासाठी गावात परवडतील अशी मोजमापाची उपकरणं बनवण्याचा प्रयत्न सुरू झाला. दूध आणि डिझेल. आपल्या भागातला पैसा येतो कुठून आणि जातो कुठं, हे ज्याला नेमकं कळलंय तोच ही निवड करणार. कलबाग सर २००३ साली गेले. प्रश्न मात्र अजून तिथंच उभा आहे.

तो प्रश्न किती पैशांचा आहे ते बघू.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट वीज होईल एवढी ऊर्जा भरलेली असते. पाच हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं इंजिन चांगल्या स्थितीत असेल तर त्यातली ३० टक्क्यांच्या आसपास फिरण्याच्या कामी येते. बाकीची उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. मोठ्या ट्रकचं आजचं इंजिन ४० टक्क्यांच्या वर जातं. शंभर टक्के कुणालाच जमणार नाही, तो निसर्गाचा नियम आहे. पण दुर्लक्ष झालेलं इंजिन ३० वरून २५ वर सहज येतं. पाचच टक्के गेले असं वाटतं ना? हिशोब करा. पूर्ण लोडवर जे काम सव्वा लिटरात व्हायचं त्याला आता दीड लिटर लागतं. तासाला पाव लिटर जास्त. आठ तास चालवलं की दोन लिटर. लिटरला नव्वद रुपये धरा, दिवसाचे एकशे ऐंशी झाले. हंगामात चाळीस दिवस इंजिन चाललं तर सात हजार दोनशे. एका शेतकऱ्याचे, एका पंपावरचे.

आणि जे जास्तीचं जाळलं ते कुठं जातं? हवेत. एक लिटर डिझेल पूर्ण जळलं तर अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरभर डिझेलचं वजनच किलोपेक्षा कमी, मग अडीच किलो कसा, असं मला एका वाचकानं विचारलं होतं. उत्तर सोपं आहे: डिझेलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि वजन वाढतं. हा झाला पूर्ण जळाल्याचा हिशोब. अर्धवट जळालं तर काजळी, विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं इंधन बाहेर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं. तंबाखू त्याच यादीत आहे. तंबाखूच्या पुडीवर निदान चित्र तरी असतं.

आता हे सुधारायचं कसं? गॅरेजमध्ये बसलं की कळतं, जुने मिस्त्री धूर वाचतात. आमच्या भागातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे मी दोन दुपारी बसून होतो. कूपर, किर्लोस्कर, पीटर अशी सगळी इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलीत. ते इंजिन उघडायच्या आधी पाच मिनिटं नुसते धुराकडे बघत उभे राहतात.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. एक किलो डिझेल जळायला निदान साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरला जवळजवळ दहा हजार लिटर हवा. उन्हाळ्यात वस्तीवर पाण्याचा जो मोठा टँकर येतो, तेवढी हवा एका लिटरला! आता सांगा, कांद्याच्या रानातली धूळ बसून बसून एअर फिल्टर चिंध्यांसारखा झाला असेल तर एवढी हवा आत जाणार कुठून? इंजिन गुदमरतं आणि काळं ओकतं. कितीतरी इंजिनांचा आजार नुसता फिल्टर धुऊन किंवा त्यातलं ऑइल बदलून बरा होतो. यासाठी मिस्त्रीसुद्धा लागत नाही.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. रिंगा घासल्यात किंवा बोअर वाढलाय. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच वाफ होऊन बाहेर येतंय. इंजिन थंड असेल तर सुरुवातीला असा धूर येतोच. पण गरम झाल्यावरही येत राहिला तर टायमिंग मागं पडलंय किंवा कॉम्प्रेशन गेलंय. त्याच्या जोडीला पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघा.

मग येतं नोझल. जुन्या इंजिनात नोझल साधारण दोनशे वातावरणांच्या दाबानं डिझेलचा फवारा मारतं. फवारा धुक्यासारखा बारीक असेल तर प्रत्येक थेंब जळतो. नोझल झिजून ठिबकायला लागलं की मोठे थेंब पडतात. त्यांचं वरचं साल जळतं, आतला गाभा काजळी होतो. आजच्या कॉमन रेल इंजिनात हाच दाब सोळाशे ते दोन हजारांच्या घरात असतो. नव्या गाड्या धूर कमी का करतात, याचं निम्मं उत्तर इथं आहे. (जाता जाता सांगतो, नोझल तपासताना फवाऱ्यासमोर बोट धरू नका. त्या दाबानं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि बोट गमवायची वेळ येते.)

चौथी गोष्ट टायमिंग, आणि खरी गोम इथंच आहे. पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडं आधी डिझेल आत सुटलं पाहिजे. किती आधी, ते अंशांत मोजतात. पंधराशे फेऱ्यांवर चालणारं इंजिन सेकंदाला नऊ हजार अंश फिरतं. म्हणजे एक अंश चुकला तर सेकंदाचा नऊ हजारावा भाग चुकला. आपले मिस्त्री हे टायमिंग कानानं लावतात. पत्र्याची शिम घालतात, काढतात, ठोका ऐकतात, पुन्हा घालतात. ज्यांना हे जमतं त्यांना माझा दंडवत आहे, ही गंमत नाही.

पण कानालाही मर्यादा आहे. टायमिंग थोडं पुढं घेतलं की इंजिन जोर धरतं आणि धूर कमी होतो. शेतकरी खूश, मिस्त्री खूश. त्याच वेळी आतलं तापमान वाढतं. त्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि इंजिनाच्या ठोक्यातही ऐकू येत नाहीत. उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो फुफ्फुसाला वाईट आणि उभ्या पिकालाही वाईट. टायमिंग मागं घेतलं की हे कमी होतात, पण काजळी वाढते आणि डिझेलही जास्त लागतं. एक दाबलं की दुसरं वर येतं. जगभरचे इंजिन बनवणारे गेली कित्येक वर्षं या दोन टोकांमधली वाट शोधतायत. म्हणून मला वाटतं, मिस्त्रीच्या कानाच्या जोडीला मीटर द्यायला पाहिजे. कान काढून घ्यायचा नाही, पण एकट्या कानावर सोडूनही चालणार नाही.

मीटर म्हणजे फार मोठं काही लागत नाही. फ्लायव्हीलवर एक खूण आणि समोर एक सेन्सर लावला तर प्रत्येक फेऱ्याचा वेळ मोजता येतो. सिलिंडरमध्ये स्फोट होतो तेव्हा फ्लायव्हील किंचित वेग घेतं, मग कॉम्प्रेशनच्या वेळी किंचित मंदावतं. हा चढउतार नीट टिपला तर इंजिनाची तब्येत कळते. रिकाम्या इंजिनाला एकदम रेस देऊन ते किती लवकर वेग घेतंय, यावरून त्याच्या ताकदीचाही अंदाज काढता येतो. हे करायला लागणारी चिप आज मोबाइलच्या कव्हरपेक्षा स्वस्त मिळते. २००२ सालापेक्षा आज हे काम कितीतरी सोपं झालंय.

याहून सोपा प्रकार मी एका शेतावर पाहिला. काचेची मापनळी, शंभर मिली डिझेल आणि मोबाइलमधलं घड्याळ. शंभर मिली किती वेळात संपतं ते बघायचं आणि तेवढ्या वेळात दोनशे लिटरचं बॅरल किती भरतं ते बघायचं. सव्वा लिटरवाल्या इंजिनाला शंभर मिली पावणेपाच मिनिटं पुरतं, दीड लिटरवाल्याला चारच मिनिटं. त्या शेतकऱ्यानं फिल्टर धुतला, नोझल बदललं आणि पुन्हा तीच मापनळी लावली. या वेळी डिझेल जास्त वेळ पुरलं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून ते शेजाऱ्याला सांगत सुटलेत. माझ्या वीस ओळींनी जे झालं नसतं ते एका मापनळीनं केलं.

पंपाचीही तीच कथा. इंजिन ठीक असलं तरी फूटव्हॉल्व्ह चोंदलेला, पाइप बारीक, नको तिथं बेंड, पट्टा घसरतोय, असं असेल तर डिझेल वायाच जातं. पेट्रोलियम बचतीसाठी केंद्र सरकारनं १९७८ साली पीसीआरए ही संस्था काढली. शेतीपंपातली ही गळती थांबवणं हे तिच्या जुन्या कामांपैकी एक. ज्ञान आहे, पुस्तिकाही आहेत. बांधावर येऊन मोजून दाखवणारा माणूस नाही.

आता सरकारी बाजू बघू. नियम नाहीत असं नाही. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या. डिझेलमधलं गंधक आता दहा लाख भागांत फक्त दहा भाग उरलंय. बीएस-३ च्या काळात ते साडेतीनशे होतं. पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना २०२३ पासून कडक नियम लागले, जनरेटरनाही त्याच वर्षी जुलैपासून. या सगळ्यामागं मोठं काम आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. तिथं इंजिनं तपासली जातात, प्रमाणपत्रं मिळतात.

पण हे सगळं नवी गाडी विकतानाचं. रस्त्यावर आल्यावर काय? रस्त्यावर आपल्याकडे पीयूसी आहे. पीयूसी नसेल तर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि पीयूसी कशी मिळते हे तुम्हा-आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. एका केंद्रावर माझ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी न घालताच माझ्या हातात कागद आला. मी म्हटलं, "अहो, नळी तरी घाला." तो पोरगा हसला, "साहेब, तुमची गाडी चांगलीय, दिसतंय की." केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका केंद्राचा नाही. आणि नळी घातली तरी पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं इंधन बघतात, डिझेल गाडीचा फक्त धुराचा दाटपणा. नायट्रोजन ऑक्साइड पीयूसीत मोजलेच जात नाहीत. शेतावरच्या पंपाच्या इंजिनाला तर विकल्यानंतर आयुष्यभर कुणी विचारत नाही.

मोजणं का महत्त्वाचं, याचं जगातलं सर्वात मोठं उदाहरण फोक्सवॅगनचं. कंपनीनं डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर घातलं होतं की प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे गाडीला कळायचं आणि तेवढ्यापुरती ती सभ्य वागायची. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड कितीतरी पट जास्त. हे पकडलं कुणी? अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या गटानं. त्यांनी मोजायचं यंत्र गाडीच्या डिकीत टाकलं आणि गाडी रस्त्यावर चालवली. २०१५ साली सगळं बाहेर आलं. भारतात एआरएआयनं तपासणी केली आणि त्या डिसेंबरात कंपनीनं इथल्या सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावून दुरुस्त करायचं जाहीर केलं. एवढी बलाढ्य कंपनी, पण मोजमाप रस्त्यावर आल्यावर तिचंही चाललं नाही.

आपल्याकडे दुसरीच चोरी चालते. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवायला डीपीएफ नावाची गाळणी असते. मोठ्या गाड्यांत युरियाचं पाणी फवारून नायट्रोजन ऑक्साइडचा पुन्हा साधा नायट्रोजन करतात. गाळणी चोंदली की गाडी ओढत नाही, दुरुस्तीचा खर्च मोठा. मग कुणीतरी सांगतं, "काढून टाका, कॉम्प्युटरला फसवायची सोय आहे." ड्रायव्हरला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. ती गाळणी साफ व्हायला गाडी मधूनमधून सलग चांगल्या वेगानं चालावी लागते. आपल्याकडे पिकअप दिवसभर गावातल्या गावात पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारते. हे गाडी विकताना त्याला कुणी समजावून सांगितलं होतं का? आणि गावातल्या मिस्त्रीकडे स्कॅनर नाही. स्कॅनर घेतला तरी सगळी माहिती उघडत नाही. शोरूम लांब आणि महाग. मग माणूस सोपा रस्ता धरणारच.

पेट्रोलवाल्यांनाही सोडत नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या शिरूर-दौंडच्या उसाचाही त्याच्याशी संबंध आहे, म्हणून दोन्ही बाजू ऐका. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. म्हणजे वीस टक्के मिसळलं की लिटरमागं सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. अ‍ॅव्हरेज उतरलं असं जे म्हणतात ते अगदीच मनाचे खेळ नाहीत. दुसरीकडे इथेनॉलचा ऑक्टेन जास्त. त्यासाठीच बनवलेल्या, जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात यातलं बरंचसं भरून निघतं आणि कार्बन मोनॉक्साइडही कमी होतो. अडचण जुन्या कार्ब्युरेटरच्या दुचाक्यांची आहे. त्यांची सेटिंग जुन्या पेट्रोलची. रबरी नळ्या, वॉशर बघून घ्यावे लागतात आणि टाकीत पाणी जाऊ द्यायचं नाही. इथंही तेच: कुणाचं अ‍ॅव्हरेज किती उतरलं याची नोंद कुणाकडेच नाही, म्हणून चहाच्या टपरीवर नुसती भांडणं.

काही जण म्हणतील, आता सोलर पंप आलेत, इलेक्ट्रिक गाड्या आल्यात, इंजिनाचं काय घेऊन बसलात? सोलर पंप यावेत, जोरात यावेत, माझा पूर्ण पाठिंबा. पण आज शोरूममधून निघालेला ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षं चालणार आहे. आणि एक गोष्ट नीट बघा. ज्याला परवडतं तो नवं घेतो आणि जुनं विकतो. ते जुनं इंजिन त्याच्याहून गरीब माणसाकडे जातं. तिथून अजून गरीबाकडे. जे इंजिन सर्वात जास्त खातं आणि सर्वात जास्त धूर सोडतं, ते शेवटी ज्याच्याकडे सर्वात कमी पैसे आहेत त्याच्या दारात येऊन थांबतं. बंद शेडमध्ये ते चालतं, बाजूला पोरं अभ्यास करतात. नियम नव्या गाडीसाठी, अनुदान नव्या पंपासाठी. या जुन्या इंजिनाचा मालक कुठल्याच योजनेत बसत नाही.

म्हणून नुसती तक्रार न करता चार गोष्टी मांडतो. पटल्या तर पुढं न्या.

१) दर हंगामाच्या आधी गावात एक दिवस इंजिन तपासणी शिबिर. गुरांना लस टोचायला शिबिर भरतं, तसंच. ग्रामपंचायत, आयटीआय, कृषी विभाग आणि आपल्याकडे विज्ञान आश्रमासारखी संस्था एकत्र आली तर हे अवघड नाही. मापनळी, फेरे मोजायचा टॅकोमीटर, नोझल टेस्टर आणि धूर मोजायचं एक यंत्र, एवढं सामान लागतं.

२) हे सामान गावच्या मालकीचं असावं. सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा, कुठल्याही मिस्त्रीनं नाममात्र भाड्यानं न्यावं. एकट्या मिस्त्रीला ते परवडत नाही, दहा जणांना मिळून परवडतं.

३) मिस्त्री लोकांना बीएस-६ चं प्रशिक्षण आणि स्कॅनर. यातले बरेच जण सातवी-आठवी शिकलेले आहेत. त्यांना वर्गात बसवून चालणार नाही, गॅरेजमध्ये जाऊन शिकवा. काम करता करता शिकायची पद्धत आपल्याच गावात तयार झालीय.

४) पीयूसी घेताना नळी घालायला लावा आणि आकडे वाचा. नुसता पास-नापास बघू नका. मागच्या वेळचा कागद जपून ठेवा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. आकडा वाढला असेल तर गाडी काहीतरी सांगतेय.

आणि उद्या सकाळी स्वतः करायचं असेल तर एवढंच करा: एअर फिल्टर उघडून बघा. इंजिन बंद खोलीत चालू ठेवू नका. धुराचा रंग बघा आणि तारीख घालून वहीत लिहा.

येत्या ग्रामसभेत पहिला मुद्दा मी स्वतः मांडणार आहे. सोबत दोन-चार शेतकरी आणि एखादा मिस्त्री उभा राहिला तर ठराव व्हायला वेळ लागणार नाही. आपल्या भागात शिबिर घ्यायला कुणी तयार असेल, कुणाकडे जुनं नोझल टेस्टर पडून असेल, किंवा २००२ च्या सुमारास आश्रमात इंजिनाच्या त्या उपकरणांवर ज्यांनी हात चालवला होता असे कुणी माजी विद्यार्थी हे वाचत असतील, तर जरूर कळवा. तुमचा अनुभव या कामाला हवाय.